रैनबसेऱ्यात कटिंग-दाढी: यायचं असेल त्यांच्यासाठी, शंका असतील त्यांच्यासाठी

कंगवा_कात्री (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पोह्यांच्या धाग्यावर मी ओघात या कामाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर बरेच निरोप आले. कोणाला यायचंय, कोणाला सामान द्यायचंय, कोणाला विचारायचंय की भीती वाटत नाही का. सगळ्यांसाठी इथेच सविस्तर लिहिते.

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझं पार्लर आहे. सोबत दोन पुरुष कारागीर आहेत, दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरी करणारे. सुट्टीच्या दिवशी आम्ही रैनबसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) आणि सरवटे बसस्थानक ते रेल्वे स्टेशन या पट्ट्यात उघड्यावर राहणाऱ्यांची कटिंग-दाढी करतो. संस्था नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही.

लोक विचारतात, जेवण-पांघरूण सोडून केस का? जेवण देणारे इंदुरात पुष्कळ आहेत. पण केस वाढलेल्या माणसाला सलूनच्या खुर्चीत कोणी बसू देत नाही, पैसे असले तरी. दुसरी गिऱ्हाइकं उठून जातील ही मालकाला भीती. मग दाढी वाढते, केसांची गुंतवळ होते, उवा होतात आणि सकाळी मजूर चौकात ठेकेदार त्याला सोडून शेजारच्याला घेऊन जातो. यातले कितीतरी जण भीक मागत नाहीत. हम्माली करतात, लग्नात भांडी घासतात, भंगार वेचतात. त्यांचा रोज बुडण्याचं कारण अनेकदा त्यांचा चेहरा असतो. दवाखान्याच्या रांगेतही तेच, लोक लांब सरकतात आणि तो नंबर न लावताच परत फिरतो.

आमची पद्धत सांगते. जाऊन आधी बसायचं. "बाबूजी, कटिंग करवाओगे?" एवढंच विचारायचं. नाही म्हणाला तर पुढे जायचं, पण पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचं. हो म्हणाला तर "कशी करू?" हा प्रश्न सलूनमध्ये विचारतो तसाच विचारायचा. बारीक, मध्यम, मागून हलकी, कल्ले ठेवू का, भांग कुठे. मिशीला न विचारता हात लावायचा नाही. निमाडातल्या, राजस्थानातल्या म्हाताऱ्यांची मिशी म्हणजे त्यांच्याकडे उरलेलं घर आहे. शेंडी असेल तर ती तशीच. मुसलमान चाचांना दाढी ठेवून फक्त खत, म्हणजे दाढीची कड, काढून हवं असतं. कोणाचा नवस असतो, कोणी मंगळवारी-शनिवारी केस कापत नाही. रस्त्यावर आला म्हणून माणसाचा वार सुटत नाही. अशा वेळी आपण आपला दिवस बदलायचा.

आरसा आधी दाखवू का, नंतर दाखवू का, हेही विचारते. काहींना बघायचंच नसतं.

आणि नेम पाहिजे. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, दाढी तर आठवड्यात परत येते. गांधी जयंतीला मोठं शिबिर घेऊन वर्षभर न फिरकण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेल्या दिवशी चारच माणसं केलेली बरी. लोक वाट बघतात. रैनबसेऱ्यातले एक काका आता माझ्या कात्रीला धार आहे का ते स्वतः बघून मगच बसतात.

विचारा, शंका असतील तर.

रामबागकर

ताई, मनापासून नमस्कार. एक बाळबोध शंका. इंदुरात भीक देण्यावर बंदी आहे ना? उद्या स्टेशनबाहेर खुर्ची टाकून बसलो आणि पोलिसांनी हटकलं तर?

काळा_कोट

रामबागकर, शंका रास्त आहे. मध्य प्रदेशात भिक्षावृत्ती निवारण अधिनियम १९७३ पासून आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून इंदूर जिल्हा प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही कारवाईचा आदेश लागू केला होता. पण केस कापून देणं म्हणजे भीक देणं नव्हे. अडचण येईल ती रस्ता अडवण्याची. म्हणून शक्यतो रैनबसेऱ्याच्या आतच काम करा, व्यवस्थापकाला आदल्या दिवशी कळवा. तिथे पाणी असतं, न्हाणीघर असतं, आडोसा असतो.

केंद्राच्या २०१३ च्या बेघर निवारा योजनेत दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायम निवारा असावा असं धरलं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, तेही एका रात्रीत जेवढे सापडले तेवढे. त्यामुळे रैनबसेऱ्याबाहेर माणसं राहणारच. बाहेर काम करायचं झालं तर पहाटे करा, फुटपाथ मोकळा ठेवा.

आणखी एक सांगतो, कारण नव्या मंडळींना हे अनुभवाला येईल. तुम्ही गाडीतून उतरलात की काही म्हातारी माणसं उठून चालू लागतील. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरातल्या बेघर वृद्धांना महापालिकेच्या गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रेजवळ उतरवल्याचा व्हिडिओ देशभर गेला होता. गावकऱ्यांनी हरकत घेतली म्हणून त्यांना परत आणावं लागलं, कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. ज्यांनी ते पाहिलं किंवा ऐकलं, त्यांच्या मनातून गाडी गेलेली नाही. तेव्हा गाडी लांब लावा आणि चालत जा.

पांढरा_एप्रन

मी परिचारिका आहे. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडी काळजीही वाटली, म्हणून लांब लिहिते. कृपया वाचा.

सगळ्यात मोठा धोका ब्लेडचा. हेपेटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. हेपेटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका त्यापेक्षा कमी असला तरी तोही आहेच. त्यामुळे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, आणि माणूस बदलला की ब्लेड बदलायचं. नवं पाकीट त्याच्या समोर फोडायचं, त्यालाही दिसू दे. वापरलेली ब्लेडं जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. इंदुरात कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, तिथे डबा बंद करून आणि सांगून द्या. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ते लागता कामा नये, आणि तो हात बहुतेक वेळा आपण ज्याचे केस कापतो त्याच्यासारख्याचाच असतो.

ब्लेड बदलतात ती मंडळीही तुरटी विसरतात. एकाच्या कापलेल्या गालावर फिरवलेला खडा दुसऱ्याच्या गालावर फिरतो, मग नव्या ब्लेडचा उपयोग काय? तुरटी हवीच असेल तर पूड करून न्या, कापसावर घेऊन लावा, कापूस फेका. दाढीचा ब्रशही नको. क्रीम बोटांनी लावा, हातमोजे घालून. टॉवेलऐवजी कागदी नॅपकिन.

कात्री-कंगवा आधी साबणाच्या पाण्याने घासायचे, मगच जंतुनाशक. केस आणि मळ तसाच ठेवून वर स्पिरिट ओतलं तर ते खालपर्यंत पोचत नाही. कंगव्यांसाठी घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. मिश्रण रोज ताजं करा. ब्लीचने स्टील गंजतं, म्हणून कात्रीला आणि मशीनच्या पात्याला सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल वापरा, नंतर तेलाचा थेंब. कंगवे भरपूर न्या, स्वस्त असतात.

उवा उडत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. डोक्याला डोकं लागून किंवा कंगव्यातून त्या जातात. औषध लावलं तरी अंडी आठवड्याभरात फुटतात, म्हणून सात ते दहा दिवसांनी परत लावावं लागतं. अंगावरच्या उवा मात्र कपड्यांच्या शिवणीत राहतात. तिथे केस कापून काही होत नाही, कपडे कडकडीत पाण्यात धुवायला हवेत किंवा बदलायला हवेत. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती पुरळ आणि रात्रीची खाज असेल तर खरूज समजा. त्याचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने मानेपासून खाली सगळ्या अंगाला रात्रभर लावायचं असतं, आणि एका अंथरुणावर झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं. रैनबसेऱ्यात एकट्यालाच लावून भागत नाही.

केसांखाली जखम, पू किंवा किडे दिसले तर कात्री बाजूला ठेवा. ओढाताण करू नका. १०८ ला फोन, नाहीतर सरळ एमवाय (सरकारी रुग्णालय). सोबत कोणीतरी जा, एकट्याला पाठवलं तर तो गेटवरूनच परत येतो.

हात थरथरत असतील, फिट येते म्हणत असतील, दारू प्यायलेले असतील तर वस्तरा अजिबात नको, फक्त मशीन. आणि नखं! केस झाले की लोक हात-पाय पुढे करतात. हातांची कापा. पायांची कापण्याआधी साखर आहे का ते विचारा, पाय बधिर आहे का बघा. मधुमेही पायाला झालेलं साधं कापणंही चिघळतं.

कंगवा_कात्री

@पांढरा_एप्रन, ताई, हा प्रतिसाद छापून किटच्या पेटीत ठेवते आहे. तुरटीचं तर सलूनवाल्या सगळ्यांनी वाचावं.

स्पष्ट_बोलतो

चांगलं काम आहे, पण मला एक पटत नाही. "विचारा, विचारा" काय लावलंय? ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला काय विचारायचं? मी स्वतः अशा गटांबरोबर गेलो आहे. चौघांनी धरायचं, झिरो मशीन मारायचं, साबणाने अंघोळ घालायची, नवे कपडे चढवायचे. सुरुवातीला आरडाओरडा होतो, नंतर तोच माणूस हसतो. विचारत बसलात तर उवांनी सडेल तो. हे माझं प्रामाणिक मत.

कंगवा_कात्री

@स्पष्ट_बोलतो, दादा, तुम्ही तळमळीने लिहिताय हे दिसतंय. पण चौघांनी धरलेला माणूस हसला म्हणजे त्याला आवडलं असं मी धरणार नाही. सुटल्यावर माणूस हसतोच.

मी पाहिलं ते सांगते. जबरदस्तीने टक्कल केलेला माणूस त्या जागेवरून निघून जातो. म्हणजे जिथे त्याला ओळखणारा चहावाला होता, रात्री लक्ष ठेवणारा चौकीदार होता, तेही जातं. नंतर कोणी औषध घेऊन आलं तरी तो जवळ येऊ देत नाही. एकदा धरलंत की पुढच्या दहा चांगल्या माणसांची वाट बंद होते. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं आपल्याला वाटतं, त्यालाही कात्री बघून "नाही" म्हणता येतं. ती मान हलली की माझ्यासाठी उत्तर मिळालं.

दगडूशेठ-छाप गणपती असलेली एक पिशवी घेऊन बसणारा माणूस बसस्थानकावर असतो. कित्येक खेपा त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. आम्ही शेजारच्याचे केस कापायचो, तो बघायचा. एक दिवस त्याने पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि खुर्चीत बसला. बोलला काही नाही. बोटांनी दाखवलं, एवढे.

काळा_कोट

@स्पष्ट_बोलतो, कायद्याचं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २० मध्ये मनोरुग्णालयातल्या रुग्णाचेही सक्तीने मुंडण करायचे नाही असा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. दाखल झालेल्या रुग्णाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असताना जे करता येत नाही, ते आपण चौघे मिळून फुटपाथवर कसं करणार? आणि जो खरोखर स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असा भटकणारा मनोरुग्ण दिसला तर कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याची आहे. ठाण्यात जाऊन हे कलम दाखवा. वेळ लागतो, पण वाट आहे.

स्पष्ट_बोलतो

कलमं माहीत नव्हती, मान्य. तरी सांगतो, ठाण्याच्या चकरा मारेपर्यंत डोक्यात किडे पडलेला माणूस मरतो. तेव्हा मी विचारत बसणार नाही.

पांढरा_एप्रन

किडे पडलेत तिथे प्रश्न केसांचा नाहीच, जखमेचा आहे. तिथे १०८ लावा, ठाणं नंतर. मी तुमच्याबरोबर येईन. पण फक्त गुंतलेले, घाणेरडे केस म्हणजे आणीबाणी नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर आपलं भांडणच उरत नाही.

सलूनवाला_भिया

मी नाभिक. आजोबा खानदेशातून इंदूरला आले, वडिलांनी पाटणीपुऱ्याकडे झाडाखाली आरसा टांगून धंदा केला, माझं आता दुकान आहे. धागा दोन दिवस वाचत होतो. थोडं मनातलं लिहितो, राग मानू नका.

गावात आजोबा बलुतेदार होते. वर्षभर सगळ्या घरांची डोकी करायची आणि सुगीला पायली-दोन पायली धान्य घ्यायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. लग्न असो, सुतक असो, बोलावणं आलं की जायचं. म्हणून "सेवा म्हणून फुकट करा" असं कोणी म्हटलं की आमच्या घरात अजून कपाळाला आठी पडते. आमच्या हातांनी पिढ्यानपिढ्या फुकट करून झालंय. आता ज्यांच्याकडे कात्री पहिल्यांदा आली ते सेवेचं नाव घेतात आणि फोटोत दिसतात, आणि आम्ही 'कारागीर' म्हणून मागे उभे. ताईंबद्दल बोलत नाही, ताईंनी कारागिरांचं सुरुवातीलाच लिहिलंय. एकूण बघितलेलं सांगतो.

दुसरी गोष्ट. जी शिबिरं होतात ती बहुतेक स्टेशन आणि बसस्थानकाजवळ. तिथेच भिंतीला आरसा टेकवून आमची गरीब माणसं बसतात. हम्माल, रिक्षावाले, परगावचे मजूर हेच त्यांचं गिऱ्हाईक. शिबिराच्या दिवशी चार पैसे असलेलेही फुकटच्या रांगेत लागतात. त्या दिवशी त्या नाभिकाच्या घरी काय शिजतं, हे कोणी विचारलं?

आणि आता सक्तीबद्दल. आमच्या समाजाला हे कोणी नव्याने शिकवायला नको. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. गिऱ्हाईक होतं, पैसा मिळत होता, रूढी पाठीशी होती, तरी समोरची बाई नको म्हणत असताना वस्तरा फिरवायचा नाही, एवढं त्यांना कळलं होतं. वस्तरा हातात असलेल्याला 'नाही' ऐकू आलंच पाहिजे. @स्पष्ट_बोलतो, भाऊ, हे तुमच्यासाठी.

एवढं लिहून सांगतो की मी येतो. मंगळवारी माझं दुकान बंद असतं. मंगळवारी केस न कापणारे आधी वजा करून उरतील त्यांचे करू.

रामबागकर

@सलूनवाला_भिया, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग असं केलं तर? आपण वर्गणी काढायची आणि फुटपाथवरच्या नाभिकालाच नेहमीच्या दराने पैसे द्यायचे. बेघर माणसाला चिठ्ठी द्यायची, त्याने आपल्या सोयीने जाऊन बसायचं. आठवड्याच्या शेवटी चिठ्ठ्या मोजून पैसे. आपण तिथे नसलो तरी काम चालू राहील.

सलूनवाला_भिया

विचार चांगला आहे. अडचण एकच, त्याची बाकीची गिऱ्हाइकं तुटण्याची भीती. ब्लेड, कापड, नॅपकिन आणि दोन जादा कंगवे आपण दिले आणि वेळ पहाटेची ठेवली, तर माझ्या ओळखीचे दोघे-तिघे तयार होतील. दर मात्र पूर्ण द्या. "पुण्याचं काम आहे, कमी घे" असं म्हणू नका.

कंगवा_कात्री

भियाजी, हे आधी सुचायला हवं होतं असं वाटलं. चिठ्ठीची कल्पना मला फार आवडली. त्यात माणूस आपल्या पायांनी जातो, कोणाकडे जायचं ते निवडतो, इतर गिऱ्हाइकांसारखाच बसतो. ज्याला चालता येत नाही, जो बिथरतो, ज्याची गुंतवळ सोडवायला तास लागतो, त्याच्याकडे आम्ही जाऊ. वर्गणीचा हिशेब रामबागकर ठेवतील का? आणि तुम्ही आलात तर तुम्ही सांगाल तसं काम, मी मागे उभी राहते.

कॅमेरा_आणि_मी

मी छोटे व्हिडिओ करतो. न्यूयॉर्कचा मार्क बस्टोस रविवारच्या सुट्टीत रस्त्यावरच्या लोकांचे केस कापायचा, २०१४ मध्ये त्याचे फोटो जगभर गेले. लंडनचा जोशुआ कूम्ब्स २०१५ पासून हेच करतो, त्याचंही काम फोटोंमुळेच लोकांपर्यंत पोचलं आणि कितीतरी शहरांतले केशकर्तनकार पुढे आले. मग इंदूरचं का नको? आधीचा-नंतरचा चेहरा दाखवला तर वर्गणीही येईल.

छत्रीबाग

फोटोतल्या माणसाच्या गावात त्याची मुलगी असेल, तिचं लग्न ठरत असेल. एवढाच विचार करून बघा.

कंगवा_कात्री

फोटोंनी लोक पुढे येतात हे खरं आहे, नाकारत नाही. आणि जोशुआ कूम्ब्स त्या माणसांशी बसून बोलतो, त्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत मांडतो. पण केस कापायच्या आधी विचारलेली परवानगी मला परवानगी वाटत नाही. "फोटो काढू का?" याला नाही म्हटलं तर कटिंग मिळणार नाही, असं समोरच्याला वाटणारच. काही जण घरातून निघून आलेले असतात, काही बायका मार खाऊन. त्यांचा चेहरा फोनवर फिरला तर शोधणारा पोचतो. 'आधीचा' फोटो तर कोणाला आपला म्हणून हवा असेल?

आम्ही उलटं करतो. काम झाल्यावर त्यालाच विचारतो, तुम्हाला फोटो हवाय का? हवा असेल तर छापून त्याच्या हातात देतो. आधारसाठी, घरी पाठवण्यासाठी, असाच ठेवायला. आमच्या फोनमध्ये राहत नाही. तुम्हाला यायचं असेल तर हातांचे, कात्रीचे, खुर्चीचे व्हिडिओ करा. पेटी कशी लावायची, ब्लेड कसं बदलायचं हे दाखवणारा एक व्हिडिओ हवाच आहे.

कॅमेरा_आणि_मी

ठीक आहे. पेटीचा व्हिडिओ करून देतो.

शिवाजीनगर_मावशी

अगं, बायकांचं काय? सगळा धागा दाढी-मिशीवरच चाललाय.

कंगवा_कात्री

मावशी, बरं विचारलंत. खरं तर मी यात पडले ती बायकांमुळेच.

बायकांना केस कापून नको असतात, विंचरून हवे असतात. उवा झाल्या की सगळेजण आधी कात्री काढतात. पण लांब केस, वेणी हे तिचं एकटीचं असं उरलेलं असतं. भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून, दाट दातांच्या कंगव्याने बट-बट करून उवा काढता येतात. ओल्या केसांत उवा हलत नाहीत, कंगव्यात येतात. दर तीन-चार दिवसांनी असं दोन-अडीच आठवडे करावं लागतं. वेळ लागतो, म्हणून बायका हव्यात. कात्री चालवता येत नाही म्हणून मागे राहू नका, वेणी घालता येते ना?

गुंतवळ असेल तर टोकापासून सोडवायची, मुळापासून ओढायची नाही. खोबरेल तेल मुरू द्यायचं. गुठळी फारच घट्ट असेल तर आडवं न कापता उभ्या चिरा देऊन मोकळी करायची, लांबी बरीच वाचते. जट असेल तर जास्त जपून. आपल्या लोकांत ती देवीची मानतात. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं जटा सोडवत आले आहेत, आणि त्यांचाही बराचसा वेळ कापण्याआधीच्या बोलण्यात जातो. मानेचं दुखणं, जटेखालची जखम, वास, हे सांगायचं. निर्णय तिचा.

आणि एक गोष्ट समजून घ्या. काही बायका केस मुद्दाम तसे ठेवतात. अंगाला वास, केसांच्या झिपऱ्या, वेडी दिसली की रात्री कोणी जवळ येत नाही. तिला आपण न्हाऊ-माखू घालून, वेणी घालून संध्याकाळी पुन्हा त्याच फुटपाथवर सोडलं तर तिच्या अंगावरचं चिलखत आपण काढून घेतलं. ती रात्री कुठे झोपणार, हे आधी विचारायचं. महिलांच्या रैनबसेऱ्यात जागा असेल, तिला जायचं असेल, तर मग केस. बायकांचं काम कायम आतल्या खोलीत, दार लोटून, फक्त बायकांनी.

स्टेशनवरच्या एकट्या मुलांचे केस आम्ही परस्पर कापत नाही, १०९८ ला (मुलांच्या हेल्पलाइनला) कळवतो. मुलं आमच्याजवळ बसून राहतात, त्यांना बिस्किटं देतो, तेवढं.

शिवाजीनगर_मावशी

वेणीला मी येते. आम्ही भिशीच्या सहाजणी आहोत, रिबिनी आणि टिकल्यांची पाकिटं घेऊन येऊ. खोबरेल किती आणू?

ग्वाल्हेरी

आमच्याकडची थंडी तुमच्यापेक्षा कडक, म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारीत डोकं ओलं करू नका आणि झिरो मशीन मारू नका, तो मागत असला तरी थंडीत काय होईल ते आधी सांगा. रात्री उघड्यावर झोपणाऱ्याला केसांची आणि दाढीचीही ऊब असते. बारीक कापलेच तर कानटोपी तिथल्या तिथे द्या, नंतर आणून देतो म्हणू नका. आम्ही थंडीत दुपारी उन्हात बसून काम करतो.

कंगवा_कात्री

इंदुरातही पारा दहाच्या खाली जातो. कानटोप्या यादीत घातल्या.

बडोद्याची_लेक

मी बडोद्याला असते, माहेर इंदूरचं. इथे सयाजी हॉस्पिटलच्या आसपास आणि स्टेशनबाहेर अशी बरीच माणसं असतात, रुग्णांचे गरीब नातेवाईकही आठवडेच्या आठवडे राहतात. मला केस कापता येत नाहीत. सुरुवात कुठून करू?

सलूनवाला_भिया

ताई, तुमच्या घराजवळच्या नाभिकाशी बोला. त्याचा सुट्टीचा वार विचारा. पहिल्यांदा त्याच्यासोबत नुसतं फिरून या, सामान नेऊ नका. लोक कुठे झोपतात, पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे ते बघा. नातेवाइकांसाठी तर चिठ्ठीच उत्तम. त्यांना कोणी बेघर म्हटलेलं आवडणार नाही, आणि ते आहेतही घरादाराचे. तुम्ही नावं लिहा, पाणी आणा, कापड झटका. कापणारा एक असला तरी हाताखाली तिघे लागतात.

पांढरा_एप्रन

आणि हेपेटायटिस बी ची लस घेतली नसेल तर कात्री-वस्तरा धरणाऱ्या सगळ्यांनी घ्या. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. पहिला या आठवड्यातच घेऊन टाका.

कंगवा_कात्री

मंडळी, मग या महिन्याचं ठरवते. पुरुषांचं काम मंगळवारी पहाटे, भियाजी सांगतील तसं. बायकांचं रविवारी दुपारी, महिलांच्या रैनबसेऱ्यात, मी आणि मावशींच्या सहाजणी. जागा निरोपात कळवते, इथे उघड लिहीत नाही. मावशी, खोबरेलच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतील, पण दाट दातांचे कंगवे वीसेक लागतील. पांढरा_एप्रन ताई दोन्ही दिवशी येणार आहेत. रामबागकर, चिठ्ठ्यांवर फक्त क्रमांक आणि तारीख, नाव नको.

स्पष्ट_बोलतो

माझ्याकडे बॅटरीवर चालणारं मशीन आहे, जुनं आहे पण चालतं. मी मंगळवारी आलो तर चालेल का?

सलूनवाला_भिया

या. मशीन आदल्या दिवशी दुकानात आणून द्या, पाती उघडून बघतो. पहाटे साडेपाचला निघू, चार्जिंग पूर्ण करून आणा.